रुआंच्या कबरीवर बॉनांचं नाव

क्लूनारा, सोमवार, १३ जुलै १९९८

ऑस्टिन,

‘प्रिय’ लिहायला बसले होते, पण पेन पुढे सरकेना. तेव्हा नुसतंच ऑस्टिन.

तुझा दगड पोचला. कपाटाएवढा आहे, काळा कुळकुळीत, आणि त्यात बघून भांग पाडावा इतका चकचकीत. अख्ख्या कबरस्तानात तसा दुसरा नाही. बाकीचे मेलेले लाजून चूर झाले असतील.

काल आमचा कबरींचा रविवार होता. अमेरिकेत एवढी वर्षं काढून विसरला असशील म्हणून सांगते. फादर पाणी शिंपडत कबरी-कबरींमधून जातात आणि जो तो आपापल्या माणसांच्या उशाशी उभा राहतो. मी गुरुवारीच जाऊन गवत काढून आले होते. आजोबांनी स्वतःच्या हाताने रोवलेला तो बुटका दगड घासून ठेवला होता. काल कुंडी घेऊन गेले तर दगड गायब, आणि त्या जागी तुझं कपाट. तुझ्या माणसांनी शनिवारी संध्याकाळी येऊन बसवलं म्हणे. आजोबांचा दगड कुंपणाशी उताणा पडला होता.

आणि कपाटाशेजारी सूट घालून, हातात तुझा छापील कागद धरून, कोण उभं? कोलमन बॉन!

सगळं गाव बघत होतं. आपल्या रुआंच्या कबरीशी बॉन उभा आहे म्हटल्यावर माना वळणारच की. मी म्हटलं, “वाट चुकलास का रे?”

“मला पत्र आलंय डीलिया,” तो म्हणाला. “ऑस्टिनचं. ‘प्रिय भावा’ असं लिहिलंय.”

“मग भावाला जाऊन विचार.”

“त्यात लिहिलंय, दगडाच्या उजव्या बाजूला उभं राहा. म्हणून राहिलो. तू म्हणशील तर जातो.”

“उजव्या बाजूला कुंडी ठेवायचीय मला.”

तो गेला. कान लालेलाल झाले होते बिचाऱ्याचे. गेली चाळीस वर्षं आम्ही पाऊस आणि गवत सोडून तिसरा विषय बोललेलो नाही, आणि तू त्याला माझ्या पूर्वजांच्या उशाशी आणून उभा केलास.

मग मी वाचलं, काय कोरलंय ते. ‘मार्टिन हेनेगन, आणि त्यांची पत्नी ऑनर मोरन.’ ऑनर मोरन! अरे, आपल्या पणजीचं नाव कॅथरीन गॅनन. ऑनर मोरन ही बॉनांची बाई. तिचा नवरा मार्टिन बॉन, आडनाव त्याचंही हेनेगनच, ज्याने आपल्या पणजोबांना जमीनदाराने घराबाहेर काढल्यावर ती जमीन घेतली. आपल्या मार्टिन रुआच्या छातीवर तू त्याचं घर लाटणाऱ्याचं नाव कोरलंस, तेही सोनेरी अक्षरांत. शत्रूलासुद्धा हे सुचलं नसतं.

सगळ्यात खाली तुझं नाव. जन्मसाल, मग एक रेघ, मग मोकळी जागा. जिवंत माणसाचं नाव कबरीवर! फादर पाणी शिंपडताना तिथे येऊन थबकले. माझं नाव कुठेच नाही. आई-बाबांचं सगळं मी केलं, दर वर्षी गवत मी काढते, पण दगडावर क्लीव्हलँडचे साहेब.

दगड काढून घे. कोणाला सांगायचं त्याला सांग, पण काढ.

डीलिया

*

क्लूनारा, ३ ऑगस्ट १९९८

ऑस्टिन,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. पोस्टमन म्हणाला, “इस्टेट मिळाली की काय, डीलिया?” मी म्हटलं, होती ती गेली.

सगळं वाचलं. पिवळ्या शाईने रेघा मारल्या आहेस तेही बघितलं. तू म्हणतोस, जमीन-मोजणीच्या सरकारी वहीत आपल्या गावच्या नऊ नंबरच्या जमिनीवर १८७४ पासून १९०६ पर्यंत मार्टिन हेनेगन हेच नाव आहे. कूळ बदललं की कारकून जुनं नाव लाल किंवा निळ्या शाईने खोडायचा आणि वर नवं लिहायचा. इथे खाडाखोड नाही. म्हणजे कोणी कोणाला काढलंच नाही. म्हणजे नऊ नंबरचा मार्टिन तोच आपला पणजोबा, कोलमन आपला चुलतभाऊ, आणि आजोबांनी चुलीपाशी बसून जे सांगितलं ती सगळी म्हाताऱ्याची कहाणी. वर मला शहाणपण शिकवतोस, ‘कागद खोटं बोलत नाहीत डीलिया. आयर्लंडमधल्या प्रत्येक घराला वाटतं की आपल्याला हाकललं होतं.’

उंटावरून शेळ्या हाकतोस तू, ऑस्टिन, तेही समुद्रापलीकडून.

अरे शहाण्या, बाहेर पडला तो मार्टिन हेनेगन आणि आत शिरला तोही मार्टिन हेनेगन! कारकुनाने खोडायचं काय? या मुलखात अर्धे लोक हेनेगन, आणि त्यातले अर्धे मार्टिन. म्हणून तर आपण रुआ, आजोबांच्या डोक्यावर म्हातारपणीही तांबडं गवत होतं म्हणून, आणि ते बॉन, पिवळ्या केसांचे. शाळेत मास्तरसुद्धा हजेरी घेताना ‘ऑस्टिन रुआ’ म्हणायचे, आणि तू हात वर करायचास. क्लीव्हलँडला गेलास तसा तुझा रुआ गळून पडला. त्या कारकुनाकडे तो कधी नव्हताच. बग्गीतून आला असेल, जमीनदाराच्या कारभाऱ्याला विचारलं असेल, नऊ नंबरवर कोण? मार्टिन हेनेगन. ठीक आहे, पुढे चल.

मार्टिन बॉन तेव्हा टेकडीपलीकडे भावाच्या घरात राहायचा. त्याच्या नावावर वाफासुद्धा नव्हता, मग तुझ्या वहीत तो आधी दिसणार कसा? आणि चर्चच्या नोंदवह्यांचे फोटो काढलेल्या फितींमध्ये तुला ऑनर मोरनची मुलंच तेवढी सापडली, कारण आपल्या पणजोबांचं लग्न अठराशे ऐंशी साली झालं, तेही गॅननांच्या गावात. लग्न मुलीच्या चर्चमध्ये होतं एवढंही तुला आठवलं नाही? मग तू बॉनांचा एक पॅट्रिक उचललास आणि म्हणालास, हेच आपले आजोबा, वयात तीन वर्षांचा फरक आहे पण जुन्या लोकांची वयं अशीच. वा! जोडा पायाला होत नाही तर पाय काप.

आजोबांनी सांगितलेलं मी ऐकलंय. तूही ऐकलंयस, तू माझ्यापेक्षा मोठा आहेस. बेलीफ आले, चुलीतला विस्तव फावड्याने बाहेर काढून फेकला, छपराची मधली तुळई कापली. पणजीला दिवस भरत आलेले. पुलाशेजारी बांधाला टेकवून शेजाऱ्यांनी खोपट घातलं आणि त्यात आजोबा जन्मले. मार्टिन बॉन पुढच्याच महिन्यात कारभाऱ्याकडे गेला आणि नऊ नंबरला बसला. लोकांनी त्याच्या घोड्याला नाल ठोकली नाही, दुकानात त्याला मीठ दिलं नाही. आपल्या घरातून तेव्हापासून आजतागायत कोणी बॉनांच्या फाटकातून आत गेलं नाही, त्यांचं कोणी आपल्या फाटकातून आलं नाही. त्यांचं गवत भिजत असलं तरी आपण दाताळं दिलं नाही.

मी आता उघड बोलते, कारण मला फार राग आला आहे. त्या हकालपट्टीपायी मी कोलमनला नाही म्हटलं.

तुला आठवतं. आठवलंच पाहिजे, निरोप तूच आणलास. छप्पन सालचा ऑक्टोबर. मी गोठ्यात दूध काढत होते, तू दारात उभा राहिलास. म्हणालास, “नाचाच्या हॉलमधलं तुझं आणि कोलमनचं बाबांच्या कानावर गेलंय. बाबा म्हणाले, डीलिया बॉनाच्या घरात गेली तर मी माझ्या बापाच्या कबरीवर कुठल्या तोंडाने जाऊ? तिला सांग, मला हा विषय घरात नको.” मी म्हटलं, “बाबा मला का सांगत नाहीत?” तू म्हणालास, “त्यांना बोलवत नाही.” बादली भरेपर्यंत मी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारपासून कोलमनकडे मान वर करून बघितलं नाही. त्यानेही बघितलं नाही. वसंतात तू बोटीत बसलास.

मला पश्चात्ताप झाला असं मी कधी कोणापाशी बोलले नाही. मनाला एवढंच सांगत आले की कारण खरं होतं. चुलीतला विस्तव बाहेर फेकला होता, एक बाई पुलाशी बाळंत झाली होती, आणि त्या घरात मी सून म्हणून जाणार नव्हते. आणि आता तू पिवळ्या रेघा मारून सांगतोस की असं काही झालंच नाही? मग मी कशापायी नाही म्हटलं? एखादा कारकून बग्गीतून उतरला नाही म्हणून?

झालं होतं. मी दाखवते तुला, तुझ्याच जातीच्या कागदावर.

डीलिया

*

क्लूनारा, २५ ऑगस्ट १९९८

ऑस्टिन,

डब्लिनमधल्या त्या चर्चच्या फिती अठराशे ऐंशी साली संपतात. तुला हे माहीत होतं, तुझ्याच टिपणात खाली बारीक अक्षरात लिहिलंय. पुढचं बघायचं तर गावातल्या फादरांच्या घरी जावं लागतं. तू गेला नाहीस, कारण तोवर तुझा दगड कोरून झाला होता.

मी गेले. फादर लॅव्हेल तरुण आहेत, फुटबॉलपलीकडे फारसं बोलत नाहीत, पण मनाने चांगले. म्हणाले, “कोणतं साल बघायचंय, डीलिया?” मी म्हटलं, एक्याऐंशी, थंडीचे दिवस. त्यांनी बाप्तिस्म्याची वही जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, खाली स्वच्छ टॉवेल अंथरला आणि म्हणाले, “पानं हळू उलटा, बिशपसाहेबांना कळलं तर माझी धडगत नाही.”

अक्षर कोंबडीच्या पायासारखं, त्यात लॅटिन. पण नावं कळतात. नोव्हेंबरात सापडलं. पॅट्रिक, मार्टिन हेनेगन आणि कॅथरीन गॅनन यांचा मुलगा. शेवटच्या रकान्यात राहण्याचं ठिकाण असतं, तिथे सगळीकडे गावांची नावं आहेत. आजोबांच्या नावापुढे त्या जुन्या फादरांनी लॅटिन सोडून साध्या शब्दांत लिहिलंय, ‘पुलाशी’. एवढंच.

पान उलटलं, फेब्रुवारी. मायकल, मार्टिन हेनेगन आणि ऑनर मोरन यांचा मुलगा. राहणार क्लूनारा.

दोन मार्टिन, दोन बायका, दोन बाळं. एक घरात, एक पुलाशी. पहिल्यांदा क्लूनाराच्या नावापुढे ऑनर मोरन तिथेच येते. त्याआधीची तिची सगळी मुलं टेकडीपलीकडची. त्या मुलांच्या नोंदी तू फितीवर वाचल्यास आणि गावाचं नाव वेगळं दिसतंय म्हणून तुला काही वाटलं नाही!

फादर म्हणाले, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनी चहा केला, फार पाणचट. मी दोन कप प्यायले आणि त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी दोन्ही नोंदींची नक्कल घेतली. ती सोबत आहे. फ्रेम करून लाव क्लीव्हलँडच्या दिवाणखान्यात, पाहुण्यांना दाखव.

आजोबा खोटं बोलत नव्हते. मी वेडी नव्हते. आता दगड काढ.

डीलिया

ता. क. – कोलमनलाही तू काही लिहू नकोस. त्याला जे सांगायचं ते इथले लोक सांगतील.

*

क्लूनारा, सोमवार, ७ सप्टेंबर १९९८

ऑस्टिन,

तुझं पत्र शनिवारी आलं. चूक मान्य, दगड बदलायचा खर्च तुझा, वगैरे. आणि शेवटी ते वाक्य: ‘पण डीलिया, शंभर वर्षांपूर्वीचं भांडण, आता सगळ्यांनी सोडून द्यायला हवं.’ ते वाचून मला वाटलं होतं की मला रागाने काही तरी होईल. रविवारी दुपारी जे झालं, त्यापुढे तो राग म्हणजे काहीच नव्हतं.

चर्चमधली मिस्सा आटपून घरी आले तर फाटकापाशी कोलमन. फाटकाला हात लावलेला नव्हता, बाहेरच उभा. टोपी हातात.

“काय काम काढलंस?”

“दगडाचं. कोरणाऱ्याशी बोलून आलो. म्हणाला, वरचा थर घासून नव्याने कोरता येईल. माझ्या पणजोबा-पणजीचं नाव तिथे असायला नको, डीलिया. झोप लागत नाही मला.”

मी म्हटलं, “ऑस्टिन म्हणतो, आपण भाऊबंद आहोत. कोणाला कधी काढलंच नव्हतं म्हणे.”

“ऑस्टिन असं म्हणतो?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “ऑस्टिनला तर मी स्वतः सांगितलं होतं. आमच्या घरात हे लहान पोरालाही माहीत असतं. तुमचं जुनं घर आमच्या वरच्या शेतात पडलंय ना? आमच्या कोणी त्याचा एक दगड हलवलेला नाही. कुंपणाला दगड कमी पडले तर बाबा नदीवरून आणायचे, पण तिथला नाही. ते म्हणायचे, आपण जमीन घेतली, तेवढं पुरे झालं.”

मी विचारलं, “ऑस्टिनला कधी सांगितलंस?”

“तुला मागणी घालायला आलो तेव्हा.”

ऑस्टिन, मी फाटक धरलं.

“कोणाकडे आलास?”

“इथेच. छप्पन साली. तुझे बाबा चुलीसाठी टर्फ आणायला गेले होते, ऑस्टिन इथे फाटकाशी भेटला. मी त्याला म्हटलं, आमच्या लोकांनी काय केलं ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्या बाबांपुढे मी ते तोंडाने कबूल करेन, त्यांची इच्छा असेल तर अख्ख्या चर्चसमोर. वरचं शेत, घराच्या जागेसकट, डीलियाच्या नावावर करायला माझे बाबा तयार आहेत. तो म्हणाला, सांगतो घरात. पुढच्या रविवारी चर्चबाहेर भेटला आणि म्हणाला, डीलियाला विचारलं. ती म्हणाली, जमीन लाटणाऱ्यांच्या घरात जाण्यापेक्षा मी बेलीफाशी लग्न करेन.”

“आणि तू मानलंस?”

“तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस त्या रविवारी. मी काय समजायचं?”

मी त्याला आत ये म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. टोपी डोक्यावर ठेवून तो “पाऊस येईलसं दिसतं” म्हणाला आणि गेला.

मी आत जाऊन बसले. तुझे दोन्ही निरोप मी मांडून बघितले. मला सांगितलंस, बाबा नको म्हणाले. त्याला सांगितलंस, डीलिया नको म्हणाली. मग बाबांना काय सांगितलंस? मला वाटतं, बाबांना तू काहीच सांगितलं नाहीस. त्यांना हे माहीतच नव्हतं.

कशावरून म्हणते? बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना लापशी भरवत होते. अचानक म्हणाले, “तू त्या कोलमनला का गं नाही केलंस? चांगला मुलगा होता. मी काही तुझ्या आड आलो नसतो.” मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. छप्पन सालापासून मी त्या माणसावर दात धरून होते. त्यांचे कपडे धुतले, त्यांना अंघोळी घातल्या, आणि सगळा वेळ मनात म्हणत होते, तुझ्यापायी. त्या दिवशीही मी चमचा त्यांच्या तोंडात कोंबला आणि म्हटलं, “गिळा.” त्यांनी गिळलं. पुन्हा विषय काढला नाही.

ते भानावर होते, ऑस्टिन.

तुला अमेरिकेला जायचं होतं. म्हाताऱ्यांपाशी कोणीतरी राहायला हवं होतं. मी टेकडीपलीकडे नाही, शेजारच्या शेतात गेले असते, पण तेवढंही तुला चाललं नाही. मी त्या घरात गेले असते तर तुला थांबावं लागलं असतं. तेव्हा तुला हकालपट्टी हवी होती, म्हणून ती खरी होती. आता भिंतीवर टांगायला छान वंशवृक्ष हवा, तर ती खोटी. माझ्या पणजीचं पुलाशेजारचं बाळंतपण तू लागेल तेव्हा काढतोस आणि नको तेव्हा ठेवून देतोस, घरातल्या छत्रीसारखं.

मला उत्तर नको आहे.

डीलिया

*

क्लूनारा, १२ ऑक्टोबर १९९८

ऑस्टिन,

उत्तर नको म्हटलं तरी पाठवलंस. फोनही केलास. मी उचलून ठेवून दिला, ती लाइन कटली नव्हती.

तू लिहितोस, ‘मी सत्तावीस वर्षांचा होतो. कोणाला तरी राहायला हवं होतं. एक शब्द इकडचा तिकडे केला, एवढं होईल असं वाटलं नव्हतं.’ एक शब्द! आपल्या पणजोबांकडे आलेल्या बेलीफानेही असंच सांगितलं असेल, मी फक्त कागद घेऊन आलोय. त्याला निदान पगार मिळत होता.

रडू नकोस असं तुला म्हणणार नाही. रड खुशाल. मी अजून रडलेले नाही. मला राग पुरतोय.

आता तुझ्या दुसऱ्या कागदाबद्दल. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर फार आशा दाखवत नाहीत, तेव्हा तुला आपल्या कबरीत जागा हवी. जाळून डब्यातून पाठवतील, तुझी मुलगी सगळी व्यवस्था करेल, मी फक्त फादरांशी बोलायचं. तुझी तब्येत वाचून वाईट वाटलं. ते खरं आहे, तू माझा भाऊ आहेस आणि मला आठवतं की तू मला खांद्यावर बसवून नदी ओलांडायचास. ते मी या रागातही विसरू शकत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

पण डब्यातून नाही.

ऐक, कसं आहे ते. दगड घासून झालाय. वर मार्टिन आणि कॅथरीन गॅनन, खाली पॅट्रिक, खाली आई-बाबा. पुढे मोकळं ठेवलंय. कोलमनने कोरणाऱ्याला पैसे द्यायचा प्रयत्न केला, मी देऊ दिले नाहीत. तुलाही देता येणार नाहीत, माझ्या चीजच्या रिकाम्या डब्यात साठवलेले संपले तेव्हा मी वासरू विकलं.

कोलमन रविवारी इथे जेवायला येतो. पहिल्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकायला त्याला इतका वेळ लागला की चुलीवरचे बटाटे शिजून फुटले. मी म्हटलं, “ये रे बाबा, इथे कोणी चावत नाही.” तो म्हणाला, “माझी आजी म्हणायची, चावतात.” मी हसले, ऑस्टिन. डुकराचं मांस आणि कोबी, दुसरं काही मला जमत नाही. त्याने दोनदा घेतलं. लग्नबिग्न काही नाही, तुझ्या मुलीला लग्नात मिरवायच्या टोप्या शिवायला सांगू नकोस. आमच्या वयात एकमेकांना कोणती गोळी कधी घ्यायची याची आठवण करून देतो, तेवढं पुष्कळ आहे. लोक बोलतात. बोलू देत, गाव इतकी वर्षं आमच्याबद्दल गप्प होतं, त्यांचाही कंटाळा जायला हवा.

परवा आम्ही वरच्या शेतात गेलो. चुलीचा दगड अजून जागेवर आहे. कोलमन बाहेरच थांबला, मी आत उभी राहिले. वर छप्पर नाही, आत चिडवणं वाढलीत. मी तिथे उभी राहून बाबांची माफी मागितली, मोठ्याने. कोलमनने ऐकलं असणार, पण तो मेंढ्यांकडे बघत राहिला.

तुला माहीत आहे, इथे कबर घरच्यांनी खणायची नसते, शेजाऱ्यांनी खणायची. आपला सगळ्यात जवळचा शेजारी कोण, ते तुझ्या नकाशात बघ. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, “येऊ दे त्याला. मी खणेन.” तो तसाच आहे. तुझ्यावर रागवायचंही त्याला जमत नाही, सगळं मलाच करावं लागतं.

मी नाही म्हणाले.

बाबांपाशी तुला झोपायचंय ना? मग आधी विमानात बस. डॉक्टर नको म्हणत असतील तर डॉक्टरला सांग की बहीण म्हणते. इथे ये, फाटकाशी उभा राहा, आणि छप्पन साली त्याला काय सांगितलंस आणि मला काय सांगितलंस, ते दोन्ही आम्हा दोघांच्या तोंडावर सांग. मग कबरीवर जाऊन बाबांना सांग की ते नको म्हणाले नव्हते. त्यांना ते सांगणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. माझं बोलणं पुरत नाही, मी खूप उशिरा बोलले.

त्यानंतर तू इथे मेलास तर मी तुला स्वतः अंघोळ घालीन आणि रात्रभर तुझ्यापाशी जागीन. पण राख होऊन आलास तर पोस्टातूनच परत पाठवीन. राखेला बोलता येत नाही. तोंड आहे तोवर ये.

रविवारी आम्ही एक वाजता जेवतो.

डीलिया